चाक फिरलं तर तास

मी सामान ओढते. विमानातून उतरलेल्या बॅगा लोखंडी डब्यांत भरतात, डबे एकामागे एक जोडतात आणि माझा ट्रॅक्टर ती माळ ओढत नेतो. हा विमानतळ पार दक्षिणेत आहे. इथली भाषा मला अजून अर्धीच कळते. साहेबांनी बोलावलं की पहिला विचार येतो, काढलं बहुतेक. नववीत शाळा सुटली त्या माणसाला कुठलीही नोकरी उसनी घेतल्यासारखीच वाटते.

विमानाच्या पायऱ्यांशी तरुण पायलट दिसतात. पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, हातात चाकांची बॅग. माझ्याबरोबरच्या पोरी त्यांच्याकडे बघतात त्या वेगळ्या कारणानं. मी बघते आणि मनात विचारते, बाळा, तुला पगार आहे, की तू पैसे भरून बसलायस?

हा प्रश्न माझा नाही. तो वैशालीताईंचा.

ताई नगरला सावेडीत बायकांसाठी मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवायच्या. एक पांढरी अल्टो, मागे-पुढे लाल एल आणि त्या. अंगात नेहमी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्याच्या खांद्यावर पट्ट्या अडकवायच्या फिती होत्या, पण त्यात काही अडकवलेलं नसायचं. नव्या आलेल्या बायकांना वाटायचं, असेल काहीतरी फॅशन. गाडीत बसण्याआधी ताई गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारायच्या. प्रत्येक टायर हातानं दाबायच्या, खाली वाकून तेल गळतंय का बघायच्या, आरसे पुसायच्या. समोरचा किराणावाला रोज ओरडायचा, "ताई, झाली का प्रदक्षिणा? प्रसाद कधी?" ताई त्याच्याकडे न बघता म्हणायच्या, "तुझ्या वजनकाट्याभोवती एकदा मारते, मग बघ प्रसाद."

गळ्यात पी.टी.च्या सरांसारखं स्टॉपवॉच. गाडी हलली की टक, थांबली की टक. सिग्नलला उभं राहिलं तर बंद. गाडी बंद पडून शिकणारीला रडू आलं तर बंद. पुढे म्हशी आडव्या आल्या तर म्हशी जाईपर्यंत बंद. तासाची फी ठरलेली, पण तास म्हणजे चाकाचा तास. एकदा एका बाईंनी विचारलं, "अहो, यात तुमचंच नुकसान नाही का?" ताई म्हणाल्या, "चाक फिरलं तर तास. उभ्या गाडीचा तास मी विकत घेतलाय. विकणार नाही."

त्या बाईंना काही कळलं नाही. मलाही तेव्हा कळलं नव्हतं.

मी तेव्हा नागापूरला एमआयडीसीत पुठ्ठ्याची खोकी चिकटवायचे. आमच्या कंपनीशेजारी एका बंद कारखान्याचं मोकळं मैदान होतं. ताई नव्या बायकांना तिथे रिव्हर्स शिकवायच्या आणि मी जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन भिंतीवर बसून बघायचे. एक दिवस त्यांनी खालून विचारलं, "नुसती बघतेस का चालवतेस?" मी म्हटलं, "मला भीती वाटते." त्या म्हणाल्या, "मग ये. ज्याला भीती वाटत नाही त्याच्या गाडीत मी बसत नाही."

माझ्या घाबरटपणाचा कुणाला काही उपयोग असेल असं त्याआधी कुणी म्हटलं नव्हतं. त्या एका वाक्यावर मी आज इथे आहे. वर्षभरात त्यांच्या हाताखाली मीही शिकवू लागले.

ताईंची गोष्ट मला त्यांनी सलग कधीच सांगितली नाही. तुकड्यातुकड्यानं कळली. त्या पायलट होत्या. शिकून, परीक्षा देऊन, लायसन्स घेऊन झालेल्या. पण लायसन्स मिळालं म्हणजे नोकरी मिळत नाही. कंपन्या म्हणतात, मोठ्या विमानाचा अनुभव आणा. मोठं विमान नोकरीशिवाय कोण देतं? इथे सुहास सर आले. सुहास सर स्वतः पायलट नव्हते. त्यांचं ऑफिस होतं, ओळखी होत्या आणि जिभेवर साखर होती. ते म्हणाले, परदेशात एक छोटी कंपनी आहे, ती पैसे घेते आणि उजव्या, म्हणजे को-पायलटच्या सीटवर बसवते. इतके तास उडवायचे, परत यायचं, नोकरी हात जोडून उभी. ताईंच्या वडिलांनी सावेडीतला प्लॉट विकला. त्या प्लॉटवर आता तीन मजली इमारत आहे. त्या गल्लीत ताईंनी कुठल्याही शिकाऊ बाईला कधी नेलं नाही.

"सुरे," त्या एकदा म्हणाल्या. मैदानावर ऊन होतं, आम्ही गाडीच्या सावलीत बसलो होतो. "मागे प्रवासी बसलेले. त्यांनी तिकीट काढलेलं. पुढे मी बसलेली. मीही तिकीट काढलेलं. मग विमान चालवायचा पगार कंपनी देत होती कुणाला?"

मी म्हटलं, "कॅप्टनला."

"त्याला एकट्याला. दुसऱ्याचा पगार वाचला, वर त्याच्याकडूनच पैसे मिळाले. आणि त्या विमानतळावर गर्दी इतकी की इंजिन सुरू करून रांगेत उभं राहायचं. विकत घेतलेले तास चालू. मी बाहेर गवत बघत बसायचे. माझ्या बापाचा प्लॉट त्या गवतापुढे उभा राहून जळत होता." मग स्टॉपवॉच उगाचच दाबून बंद केलं. "तास संपले त्या दिवशी माझ्या सीटवर दुसरी पोरगी येऊन बसली. नवीन तिकीट. मला बाय पण नीट करता आलं नाही, तिचा पट्टा अडकला होता, तो सोडवून दिला."

परत आल्यावर कंपन्यांनी सांगितलं, असे तास आम्ही फारसे धरत नाही. संपलं.

लोक सांगायचे, ताई, सोडून द्या, माफ केलं की मन हलकं होतं. ताई म्हणायच्या, "माझं मन जड नाहीच. धार लावलेलं आहे."

ती धार कशी चालते ते मी डोळ्यांनी बघितलं. सुहास सरांनी सावेडीत चौकातच ऑफिस उघडलं आणि वर भला मोठा फ्लेक्स लावला. एका बाजूला हात जोडलेले सर, दुसऱ्या बाजूला विमानात उजव्या सीटवर बसलेल्या, टोपी घातलेल्या, हसणाऱ्या वैशालीताई. खाली अक्षरं, 'आपल्या मातीतली वैमानिक! पुढचा नंबर तुमचा!' ताईंना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

मला राग आवरेना. म्हटलं, "ताई, पोलिसांत जाऊ. फाडून टाकू." ताईंनी मान वर करून फ्लेक्स बघितला. मग म्हणाल्या, "फोटो चांगला आलाय. राहू दे."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या रिव्हर्स पार्किंगची जागा बदलली. नागापूरचं मैदान सुटलं. आता अल्टो रोज त्या फ्लेक्सच्या बरोबर खाली, सरांच्या ऑफिसच्या जिन्यासमोर. मागे, पुढे, मागे, पुढे. ताई डाव्या सीटवर, खिडकीची काच पूर्ण खाली, पांढरा शर्ट, वर फ्लेक्सवर तोच चेहरा.

पोरांना घेऊन आईबाप यायचे. जिना चढण्याआधी एकदा वर बघायचे, एकदा खाली बघायचे.

"अहो... ह्या तुम्हीच ना?"

"मीच."

"अरे वा! मग आता कुठल्या कंपनीत?"

ताई हात बाहेर काढून अल्टोच्या दारावर थाप मारायच्या. "ह्या."

बस, एवढंच. पुढे एक शब्द नाही. आईबाप जिन्याच्या पहिल्या पायरीवर थबकायचे, आपसांत काहीतरी कुजबुजायचे. काही वर जायचे, बरेच रसवंतीकडे वळायचे आणि तिथून परस्पर घरी. ताई मला म्हणायच्या, "सुरे, विमानात कॅप्टन डावीकडे बसतो. मी आता कायमची डावीकडे." आणि असं हसायच्या की माझ्या अंगावर काटा यायचा. फ्लेक्सवरच्या हसण्यापेक्षा ते हसणं खरं होतं.

सरांनी माणूस पाठवला, इथे गाडी लावू नका. ताई म्हणाल्या, रस्ता सरांचा असेल तर कागद आणा. सरांना फ्लेक्स काढता येत होता, पण काढला असता तर त्यांची एकुलती एक यशस्वी विद्यार्थिनी गेली असती. अडकले होते ते. ताईंना हे माहीत होतं, म्हणून त्या घाई करत नव्हत्या.

त्याच दिवसांत ऋतुजा आली. वडील बरोबर होते. पांढरा सदरा, पायांत करकरणाऱ्या चपला. "आमी पुनतांब्याचे," ते म्हणाले. "पोरीला गाडी शिकवायची हाय. रोज चुलत्याच्या घरून येईल ती, हितंच सावेडीत. लई हुशार हाय, पर गाडीला भिती."

आम्ही त्यांना आण्णा म्हणू लागलो. ऋतुजा पंचविशीची, अबोल. सीटवर बसली, पट्टा लावला, आरसे असे बघितले की ताईंनी माझ्याकडे एक नजर टाकली. मी मागच्या सीटवर होते. गाडी निघाली. पहिलं डावं वळण आलं आणि ऋतुजानं स्टिअरिंग सरळच ठेवलं. डावा पाय मात्र जोरात दाबला. क्लच दाबला गेला, इंजिन गुरगुरलं, गाडी सरळ ड्रेनेजच्या चेंबरकडे. ताईंनी आपल्या बाजूचा ब्रेक मारला.

सगळ्या नवशिक्या चुकतात. कुणी ब्रेकऐवजी रेस देतं, कुणी डोळे मिटतं. पण वळायला पाय दाबणारी मी पहिल्यांदा पाहिली. ताईंनी स्टॉपवॉच बंद केलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"कुठं शिकलीस?" त्यांनी विचारलं.

"गाडी? पहिल्यांदाच..."

"विमान कुठं शिकलीस?"

ऋतुजानं स्टिअरिंगवरचे हात काढले. मग हळूच म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं?"

"जमिनीवर विमान पायानं वळतं. माझाही पाय असाच गेला होता. नागापूरला एका कारखान्याची भिंत अजून तिरकी आहे."

दोघी हसल्या. मागे बसून मीही हसले. मग ऋतुजा म्हणाली, "लायसन्स आहे माझं. आता फक्त तास घ्यायचेत. वरच्या सुहास सरांकडून. आण्णा पेरूची बाग विकायला काढतायत."

हसणं तिथंच विझलं.

पुणतांब्याची ती बाग मी नंतर बघितली. आण्णांनी आम्हाला एकदा जेवायला बोलावलं होतं. झाडं ओळीनं, खाली स्वच्छ, पेरूला कागद बांधलेले. आण्णा एकेक झाड दाखवत होते आणि तरी म्हणत होते, "झाडं काय, पुन्यांदा लावता येत्यात. पोरीचं वय पुन्यांदा येत न्हाई." ताई जेवल्या नाहीत नीट. भाकरी कुस्करत राहिल्या. निघताना आण्णांना म्हणाल्या, "आण्णा, देऊ नका." आण्णा म्हणाले, "ताई, तुमी उडलात ना? मग तिलाबी उडू द्या की." ताई गाडीकडे वळल्या. परतीच्या रस्त्यात गाडी मी चालवत होते. त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या सांगण्यानं होणार नाही. त्याच्या तोंडून व्हायला पाहिजे."

आणि सुहास सर आपल्या पायानं चालत आले.

एका सकाळी जिना उतरून अल्टोशी वाकले. "वैशाली, किती दिवस चालणार हे? जुनं विसरू या. रविवारी मंगल कार्यालयात पालकांचा मेळावा ठेवलाय. तू स्टेजवर ये, युनिफॉर्ममध्ये. दहा मिनिटं अनुभव सांग. नंतर आमच्याकडेच मार्गदर्शक म्हणून जॉईन हो. केबिन देतो. गाडीची ही धूळ तरी खायला नको."

मला वाटलं ताई काच वर करतील. ताई म्हणाल्या, "येते."

रविवारपर्यंत माझ्या डोक्यात तेच. केबिनच्या नादाला लागल्या तर? की काही भलतंच करणार आहेत? विचारायची हिंमत नव्हती. ताई रोजच्यासारखी टायरं दाबत होत्या.

रविवारी त्यांनी युनिफॉर्म घातला. काळी पँट, टाय, टोपी. शर्ट रोजचाच, पण फितींमध्ये पट्ट्या होत्या. मी पहिल्यांदा बघत होते. गळ्यात मात्र स्टॉपवॉच. हॉल भरलेला होता. दुसऱ्या रांगेत आण्णा आणि ऋतुजा. त्याच दिवशी मेळावा संपला की आण्णा सरांच्या कागदावर सही करणार होते, बागेचं गिऱ्हाईक ठरलं होतं. मी मागे भिंतीला टेकून उभी.

सुहास सरांनी ओळख करून दिली. मातीतली वैमानिक वगैरे. टाळ्या झाल्या. ताई माईकपुढे आल्या.

"सरांनी मला दहा मिनिटं दिलीत," त्या म्हणाल्या. "आपण मोजून घेऊ."

स्टॉपवॉच सगळ्यांना दाखवलं, दाबलं आणि गप्प उभ्या राहिल्या.

आधी लोकांना वाटलं, आठवतायत. मग कुणीतरी खोकलं. एक मूल रडलं, त्याला बाहेर नेलं. मागच्या रांगेतून एक टारगट आवाज आला, "ताई, पेट्रोल संपलं का?" हशा पिकला. ताई हलल्या नाहीत. सुहास सर खुर्चीवरून अर्धवट उठले, "वैशाली, बोल ना," पुन्हा बसले. पंखे ऐकू यायला लागले. किती वेळ ते, देव जाणे.

मग टक.

"झाली दहा मिनिटं," ताई म्हणाल्या. "मी काहीच बोलले नाही. पण घड्याळ चालू होतं. सरांकडून मी जे तास विकत घेतले, त्यातले कितीतरी असेच होते. इंजिन चालू, विमान उभं. तुम्हाला एवढ्यातच कंटाळा आला. माझे वडील त्याच्यावर प्लॉट विकून बसले."

सर उठले. अजून हसत होते. "हे बघा, भावनेच्या भरात... मला एक सांग, अनुभवाशिवाय कंपन्या घेत नाहीत हे खरं की नाही?"

"खरं आहे."

"मग पोरांनी अनुभव आणायचा कुठून?"

"ते मलाही माहीत नाही, सर," ताई शांतपणे म्हणाल्या. "शिकायला पैसे लागतात, ते द्यावेत. मी दिले, त्याचं मला दुःख नाही. पण शिकून झाल्यावर काम करायलाही आपणच पैसे द्यायचे, तर ती नोकरी कुणाची? तुमच्याकडून तास घेऊन ज्याला पगाराची नोकरी लागली, असा एक मुलगा इथे उभा करा. एकच. मी गाडीची चावी तुमच्या हातात देते."

सर उगाच शर्टाची बाही सारखी करू लागले.

"तुमच्याकडे असता तर तुम्ही त्यालाच उभं केलं असतं. तुम्ही उभं कुणाला केलंत? मला. बाहेर माझी गाडी आहे. एल लावलेली."

टोपी काढून त्यांनी सरांच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली आणि खाली उतरल्या.

पहिला आवाज आण्णांच्या चपलांचा. ते उभे राहिले. "सर," ते म्हणाले, "म्या आडानी मानूस. पर माझ्या बागेत गडी येतो तर मी त्याला मजुरी देतो. तो मला देत न्हाई. चल ग पोरी." त्यांच्या मागून खुर्च्या वाजत गेल्या. मी आयुष्यात कधी इतकी खूश झाले नव्हते. सरांचा चेहरा मी मुद्दाम थांबून बघितला. मनात साठवून ठेवला. लाज वाटत नाही मला.

पण बाहेर ऋतुजा आमच्या गाडीशी उभी होती. डोळे लाल.

"तुमचा सूड झाला, ताई," ती म्हणाली. "माझं काय?"

ताईंनी तिच्या खांद्याला हात लावायला हात उचलला. ती मागे सरली आणि आण्णांच्या गाडीत जाऊन बसली.

त्या दिवशी ताईंनी गाडीभोवती फेरी मारली नाही. तशाच बसल्या.

सुहास सरांचं ऑफिस पुढच्या पावसाळ्यापर्यंत कसंबसं टिकलं, मग शटर पडलं. कुणी म्हणे संभाजीनगरला गेले, कुणी म्हणे आणखी कुठे. बाग जागेवर आहे. आण्णा दरवर्षी पेरूची पेटी पाठवतात. ऋतुजा एका संस्थेत पोरांना हवामान आणि नकाशे शिकवते. पगार मिळतो. कंपन्यांच्या परीक्षा निघाल्या की देते. अजून झालं नाही. होईल की नाही मला माहीत नाही. ताईंशी ती बोलत नाही.

शटर पडलं त्याच आठवड्यात ताई फ्लेक्सवाल्याकडे गेल्या आणि तो फ्लेक्स उतरवून मागून घेतला. मला वाटलं जाळतील. त्यांनी तो नागापूरच्या मैदानावर पसरला, कडांना दगड ठेवले. आमचं रिव्हर्स पुन्हा तिकडे सुरू झालं. नवीन बाईला पहिला धडा हाच. "तो हात जोडलेला माणूस दिसतो? मागचं उजवं चाक त्याच्या कपाळावर आलं की थांबायचं. नाकावर आलं तर पुन्हा." बायका हसून लोटपोट व्हायच्या. थोड्या दिवसांत सरांचा चेहरा टायरच्या नक्षीखाली ओळखू येईना. त्याच्या बाजूचं ताईंचं चित्र मात्र स्वच्छ होतं. तिकडे चाक जाऊ द्यायचं नाही, हा नियम त्यांनी कधी बोलून दाखवला नव्हता, पण आम्ही सगळ्या पाळायचो.

मला इथली नोकरी लागली त्या सकाळी मी त्यांचा निरोप घ्यायला मैदानावर गेले. रडू येईल म्हणून भिंतीच्या अलीकडेच थांबले. शिकाऊ बाई अजून कुणी आली नव्हती. ताई एकट्याच होत्या, आणि त्या दिवशी उजव्या सीटवर. गाडी मागे घेत होत्या, अगदी सावकाश, आरशात बघत. सरांच्या कपाळावरून चाक पुढे गेलं, थांबलं नाही. ते बरोबर टोपी घातलेल्या, हसणाऱ्या चेहऱ्यावर येऊन थांबलं.

ताईंनी गाडी हातभर पुढे घेतली आणि उतरल्या. बघितलं. मग खाली बसल्या आणि शर्टाच्या बाहीनं त्या चेहऱ्यावरची माती पुसू लागल्या. गळ्यातलं स्टॉपवॉच फ्लेक्सवर टेकलं होतं. गाडी उभी होती, पण ते चालू होतं.

मी हाक मारली नाही.